‘ओके’ : एका शब्दाचा जन्म, प्रवास आणि वापर

‘ओके’ हा इंग्रजी शब्द संमती, मान्यता, समाधान किंवा निदान तक्रार नसणे दाखवण्यासाठी वापरला जातो. तो विशेषण आहे, क्रियाविशेषण आहे, नाम आणि क्रियापदही आहे, आणि नुसता उद्गार म्हणूनही चालतो. शाळेची पायरी न चढलेल्या माणसापासून विमानाच्या वैमानिकापर्यंत तो सर्वांच्या तोंडी आहे आणि जगातल्या बहुतेक मोठ्या भाषांनी तो आपलासा केला आहे. एच. एल. मेन्केन या अमेरिकी भाषा-अभ्यासकाने अमेरिकेत जन्मलेल्या शब्दांमध्ये सर्वांत यशस्वी शब्द म्हणून त्याचा गौरव केला होता. एवढ्या मोठ्या शब्दाचा उगमही तसाच मोठा असावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा शब्द एका वर्तमानपत्री विनोदातून जन्मला. त्या जन्माची तारीख, गाव आणि पत्राचे नाव, तिन्ही ठाऊक आहेत. बोलीतल्या शब्दांच्या बाबतीत असे भाग्य फार क्वचित लाभते.

तारीख 23 मार्च 1839, गाव अमेरिकेतले बॉस्टन आणि पत्र ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’. चार्ल्स गॉर्डन ग्रीन हे या पत्राचे संपादक होते. त्या दिवशीच्या अंकाच्या दुसऱ्या पानावर एका स्थानिक मंडळाविषयी खेळकर मजकूर आला. जेवणाच्या घंटा वाजवण्यावर बॉस्टनच्या नगरसभेने घातलेल्या बंदीच्या निमित्ताने काही हौशी मंडळींनी ‘घंटानादविरोधी मंडळ’ काढले होते आणि ते आपले नाव आद्याक्षरांनीच मिरवत असे. मंडळाच्या सहलीवरून ग्रीन यांनी प्रॉव्हिडन्स गावातल्या एका पत्राच्या संपादकाला कोपरखळी मारली, आणि लिहिताना ‘ओ.के.’ ही अक्षरे घालून लगेच पुढे त्यांचा अर्थ ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, असा दिला. वाचकांना ही अक्षरे नवीन असणार हे लिहिणाऱ्याला माहीत होते, म्हणूनच फोड करून सांगावी लागली. उगम शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही फोड फार मोलाची ठरली.

‘ऑल करेक्ट’ची आद्याक्षरे खरे तर ‘ए’ आणि ‘सी’ व्हायला हवीत. ‘ओ’ आणि ‘के’ कुठून आली, याचे उत्तर त्या काळच्या बॉस्टनमधल्या एका खुळात आहे. 1838च्या उन्हाळ्यापासून तिथल्या वर्तमानपत्रांत वाक्प्रचारांची आद्याक्षरे छापण्याची टूम निघाली होती. त्यावर आणखी एक गंमत अशी की शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि त्या अशुद्ध रूपाची आद्याक्षरे घ्यायची. कमी शिकलेल्या माणसाच्या लेखनाची नक्कल करून हसवणे हा त्या काळच्या अमेरिकी विनोदाचा ठरलेला प्रकार होता. ‘ऑल राइट’ हे अशुद्ध लिहून त्याचे ‘ओ.डब्ल्यू.’ केले गेले. ‘नो यूज’, म्हणजे ‘उपयोग नाही’, याचे ‘के.वाय.’ झाले. ‘नो गो’चे ‘के.जी.’ झाले, आणि ‘इनफ सेड’, म्हणजे ‘एवढे बोलणे पुरे’, याचे ‘एन.सी.’ झाले. त्याच रांगेत ‘ऑल करेक्ट’ हे ‘ओल कोरेक्ट’ असे लिहून त्याचे ‘ओ.के.’ बनले. जे बरोबर आहे असे सांगायचे, तेच चुकीचे लिहायचे, हा त्यातला मुख्य विनोद होता.

त्या काळी एका गावचे पत्र दुसऱ्या गावच्या पत्रातला मजकूर सर्रास उचलत असे, त्यामुळे ही अक्षरे बॉस्टनच्या हद्दीत राहिली नाहीत. त्याच वर्षी ती बॉस्टनच्या इतर पत्रांत आणि न्यू यॉर्क, फिलाडेल्फियासारख्या शहरांतही छापली गेली. तरीही ‘ओ.डब्ल्यू.’ आणि ‘के.वाय.’ यांच्याप्रमाणे वर्ष-दोन वर्षांत हीसुद्धा विस्मरणात गेली असती. तसे झाले नाही, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली.

1840च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातल्या किंडरहूक या गावचा, आणि त्यामुळे समर्थक त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत. या टोपणनावाची आद्याक्षरेही ‘ओ.के.’च. न्यू यॉर्कमधल्या त्यांच्या कार्यकर्त्यांनी मार्च 1840 मध्ये ‘ओ.के. क्लब’ स्थापन केला आणि ‘ओ.के.’ ही घोषणा झाली. किंडरहूकचा म्हातारा आणि ‘सर्व बरोबर’ असे दोन्ही अर्थ त्या दोन अक्षरांत एकदम बसले. विरोधी व्हिग पक्षानेही ती अक्षरे सोडली नाहीत. त्यांनी त्यांचे अर्थ ‘सगळा गोंधळ’, ‘खिसा रिकामा’ असे लावून दाखवले. त्यासाठी अर्थातच स्पेलिंगची पुन्हा मोडतोड करावी लागली. निवडणूक व्हॅन ब्युरेन हरले आणि विल्यम हेन्री हॅरिसन निवडून आले. उमेदवार पडला, पण त्याची घोषणा देशभर पोहोचली.

याच धामधुमीत व्हिग पक्षाच्या बाजूने आणखी एक अफवा सोडण्यात आली. व्हॅन ब्युरेन यांच्या आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नव्हते, ते सरकारी कागदांवर ‘ऑल करेक्ट’ असे अशुद्ध लिहीत आणि पुढे त्याचेच ‘ओ.के.’ झाले, अशी ती कथा होती. जॅक्सन यांचे शिक्षण बेताचे होते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कथा पटण्याजोगी वाटली. कागदावर ‘ओ.के.’ लिहून मंजुरी द्यायची, ही पद्धत त्या वेळी प्रत्यक्षात रूढ नव्हती. कथेमुळे मात्र ती लोकांच्या डोक्यात बसली आणि पुढे खरोखर तसे लिहिले जाऊ लागले. एखाद्या खोट्या गोष्टीने खरा प्रघात पाडल्याचे इतके स्पष्ट उदाहरण भाषेच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

यानंतर शब्दाला स्थैर्य दिले ते तारयंत्राने. मोर्सची तार 1844 मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्या दरम्यान सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत ती रेल्वेमार्गांच्या सोबतीने देशभर पसरली. संदेश नीट पोहोचला, हे कळवायला तारमास्तरांना आखूड खूण हवी होती. ‘ओ.के.’ त्या कामी लागली. रेल्वेच्या कचेऱ्या, मालाच्या पावत्या, बँकांचे कागद अशा ठिकाणी ती अक्षरे मंजुरीची खूण म्हणून उमटू लागली, आणि 1880च्या दशकापर्यंत ‘कागद ओके करणे’ असे क्रियापदही तयार झाले. विनोदी लेखनातून निघालेला शब्द आता पूर्णपणे कामकाजाचा झाला होता.

सुशिक्षित लेखनात मात्र त्याला लवकर जागा मिळाली नाही. लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या प्रसिद्ध कादंबरीच्या 1869 साली निघालेल्या दुसऱ्या भागात एका धाकट्या बहिणीच्या पत्रात हा शब्द आला होता. 1880च्या सुधारित आवृत्तीत तो काढून तिथे दुसरा सभ्य शब्द घालण्यात आला. ‘ओके’ला पूर्ण शब्दासारखे लांब स्पेलिंग मिळाले तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तोपर्यंत तो दोन सुटी अक्षरे म्हणूनच लिहिला जात होता.

मधल्या काळात खरा उगम लोकांच्या स्मरणातून पुसला गेला, आणि रिकाम्या जागेत व्युत्पत्तींचे पीक आले. त्यातली सर्वांत वजनदार ठरली ती चॉक्टॉ भाषेची. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या चॉक्टॉ या मूलनिवासी लोकांच्या भाषेत ‘ओके’शी मिळताजुळता उच्चार असलेला, ‘असे आहे’ या अर्थाचा एक प्रयोग आहे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ही व्युत्पत्ती इतकी पटली होती की कागदांवर मान्यतेचा शेरा मारताना ते चॉक्टॉ वळणाचे स्पेलिंग वापरत. ग्रीक लोकांनी आपल्या ‘ओला काला’, म्हणजे ‘सर्व छान’, या प्रयोगाकडे बोट दाखवले. स्कॉटलंडचा ‘ओख आय’ पुढे आला. हैती बेटावरच्या ओ-काय बंदरातल्या उत्तम दारूचे नावही सुचवले गेले. ओबाडाया केली नावाचा एक रेल्वे कारकून पावत्यांवर आपली आद्याक्षरे लिहीत असे, अशी एक कथा आहे, आणि यादवी युद्धात सैनिकांना मिळणाऱ्या बिस्किटांवरच्या कंपनीच्या शिक्क्याची दुसरी. यादवी युद्ध 1861 मध्ये सुरू झाले, म्हणजे शब्द छापून आल्यानंतर 22 वर्षांनी. एवढ्या एका गोष्टीने बिस्किटांची कथा निकालात निघते.

आफ्रिकी उगमाचा दावा यापेक्षा गंभीर आहे आणि त्याचा विचारही तसाच व्हायला हवा. ब्रिटिश भाषावैज्ञानिक डेव्हिड डाल्बी यांनी 1970च्या सुमारास असे मांडले की पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला ‘वाव के’ हा होकार गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत नेला आणि त्यातून ‘ओके’ आला. अमेरिकी इंग्रजीवर आफ्रिकी भाषांचा जो ठसा आहे, त्याची नोंद गोऱ्या अभ्यासकांनी दीर्घकाळ घेतली नाही, हे खरेच आहे. 1784 साली छापलेल्या एका इंग्रज प्रवाशाच्या पुस्तकात एका कृष्णवर्णीय गुलामाच्या तोंडी वाक्याच्या सुरुवातीला ‘के’ असा उद्गारही आहे. अडचण पुढच्या दुव्याची आहे. तो उद्गार आणि 1839 मधली दोन अक्षरे यांना जोडणारी एकही नोंद मधल्या 55 वर्षांत मिळत नाही. ध्वनी जुळतो आणि अर्थही साधारण जुळतो, पण जगात हजारो भाषा आहेत आणि ‘ओके’ हा अगदी साधा उच्चार आहे. त्याच्याशी जुळणारे काहीतरी कुठे ना कुठे सापडणारच.

1839च्या आधीचे म्हणून जे लेखी पुरावे पुढे आले, त्यांतले दोन जवळून पाहण्यासारखे आहेत. पहिला टेनेसीतल्या सम्नर काउंटीच्या न्यायालयाच्या 1790च्या दप्तरातला. तरुण वकील अँड्र्यू जॅक्सन यांनी गुलामाच्या विक्रीचे एक खत न्यायालयात शाबीत केले आणि त्या नोंदीपुढे ‘ओ.के.’ लिहिले आहे, असे एका इतिहासकाराने 1859 मध्ये छापले. जॅक्सन यांची जुनी अफवा खरी ठरल्यासारखे झाले आणि हा पुरावा बरीच वर्षे पुस्तकांतून फिरला. मूळ दप्तर तपासल्यावर कळले की ती अक्षरे ‘ओ.आर.’ होती, म्हणजे ‘नोंद करण्याचा हुकूम झाला’ या नेहमीच्या कारकुनी शेऱ्याचे संक्षिप्त रूप. घाईच्या हस्ताक्षरातला ‘आर’ ‘के’सारखा दिसला होता. दुसरा पुरावा विल्यम रिचर्डसन या व्यापाऱ्याच्या 1815च्या प्रवासवहीतला. बॉस्टनहून न्यू ऑर्लिन्सला जाताना त्याने लिहिलेल्या एका वाक्यात ‘ओके’सारखी दोन अक्षरे दिसतात. त्या जागी खाडाखोड आहे, आणि ‘एक देखणे’ अशा अर्थाचे शब्द लिहायला घेऊन ते अर्धवट सोडले असावेत, असे जाणकारांचे मत पडले. वाक्यात ‘सर्व बरोबर’ हा अर्थ नीट बसतही नाही.

हे सगळे प्रकरण मार्गी लावण्याचे श्रेय कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक अॅलन वॉकर रीड यांचे. 1906 मध्ये जन्मलेले रीड 2002 पर्यंत जगले आणि त्यांच्या आयुष्यातला मोठा काळ शब्दांची जुनी टिपणे गोळा करण्यात गेला. 1941 मध्ये त्यांनी ‘ओ.के. क्लब’चा धागा उजेडात आणला आणि शब्द 1840च्या निवडणुकीपर्यंत मागे नेऊन पोहोचवला. त्यानंतर 1963 आणि 1964 मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखांची मालिका लिहून त्यांनी बॉस्टनमधली आद्याक्षरांची टूम, 23 मार्चचा मजकूर, निवडणूक आणि जॅक्सनची अफवा या सगळ्यांचा क्रम तारखांसह लावून दिला. संगणकात शोधता येणारी जुनी वर्तमानपत्रे तेव्हा नव्हती. अंकांची पाने एकेक करून उलटावी लागत. त्यांचे काम इतके भक्कम ठरले की जुनी वर्तमानपत्रे संगणकावर आल्यानंतरही त्यांच्या मांडणीला धक्का लागलेला नाही. अॅलन मेटकाफ यांनी 2010 मध्ये या एकाच शब्दावर संपूर्ण पुस्तक लिहिले, त्याचा पायाही रीड यांचे संशोधन हाच आहे.

एवढ्या आद्याक्षरी विनोदांतून हाच एक का टिकला, याचे निवडणूक आणि तार हे बाहेरचे कारण झाले. आतले कारण शब्दाच्या अर्थात आहे. ‘ओके’ संमती देतो, पण मूल्यमापन करत नाही. ‘उत्तम’, ‘छान’, ‘मंजूर’, ‘आवडले’ या प्रत्येक शब्दात बोलणारा थोडासा गुंततो. ‘ओके’ म्हणणारा फक्त एवढेच सांगतो की गोष्ट पोहोचली आणि अडचण नाही. व्यवहारात अशा तटस्थ होकाराची गरज क्षणोक्षणी पडते आणि इंग्रजीत तोवर त्यासाठी इतका सुटसुटीत शब्द नव्हता.

या तटस्थपणातूनच त्याच्या वापराच्या छटा निघाल्या. ‘सिनेमा कसा होता?’ याला ‘ओके’ असे उत्तर आले तर तो बेताचा होता असा अर्थ होतो. अपघातानंतर ‘तो ओके आहे’ म्हटले तर त्याच शब्दात मोठा दिलासा असतो. कोणी क्षमा मागितली की ‘इट्स ओके’ म्हणजे ‘असू दे’. चहा पुढे केल्यावर ‘आय अॅम ओके’ म्हणजे ‘नको, आभारी आहे’. वर्गात शिक्षक ‘ओके’ म्हणून एक विषय संपवतात आणि त्याच ‘ओके’ने दुसरा सुरू करतात. इथे त्याला संमतीचा अर्थ उरलेलाच नसतो, तो बोलण्यातला सांधा होतो. शेवट उंचावून ‘ओके?’ म्हटले की प्रश्न, आणि दाबून म्हटले की वाद थांबवण्याची ताकीद. नाम म्हणून ‘ओके देणे’ म्हणजे परवानगी देणे. 1930च्या दशकापासून ‘ओकी-डोकी’ हे लाडिक रूप चालू झाले. मोबाइलवरच्या संदेशात नुसते ‘के’ लिहिले तर ते तुटक आणि रुष्ट वाटते, हा सर्वांत अलीकडचा संकेत.

विसाव्या शतकात शब्दाला काही ठळक प्रसंग लाभले. अॅलन शेपर्ड यांनी 5 मे 1961 रोजी अवकाशात झेप घेतली तेव्हा त्यांनी ‘ए-ओके’ म्हटल्याचे ‘नासा’च्या प्रवक्त्याने जाहीर केले आणि तो प्रयोग जगभर गाजला. संभाषणाच्या प्रत्यक्ष नोंदीत शेपर्ड यांच्या तोंडी तो नाही. मानसोपचारतज्ज्ञ थॉमस हॅरिस यांच्या ‘आय अॅम ओके, यू आर ओके’ या 1960च्या दशकातल्या पुस्तकाने त्याला मनाच्या आरोग्याचा अर्थ जोडला. स्वतःला आणि समोरच्याला आहे तसे स्वीकारणे, असा तो अर्थ. संगणकाच्या पडद्यावरच्या ‘ओके’ बटणाची हकिकत तर खास आहे. अॅपल कंपनीच्या ‘लिसा’ या 1983च्या संगणकावर मुळात ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असे बटण होते. चाचणीसाठी बसवलेल्या काही माणसांना ती अक्षरे सलग वाचल्यामुळे ‘डोल्ट’, म्हणजे ‘मूर्ख’, अशी दिसली आणि संगणक आपल्याला मूर्ख का म्हणतो, असा प्रश्न त्यांना पडला. बटणावर ‘ओके’ आले आणि आज पृथ्वीवरचा बहुधा सर्वाधिक दाबला जाणारा शब्द तोच असेल.

अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली ‘ओके’ची खूण शब्दाइतकी निर्धोक नाही. पाण्याखाली पोहणारे ती ‘सर्व ठीक’ म्हणून वापरतात, कारण तिथे वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’ असा इशारा असतो. जपानमध्ये तीच खूण पैशांची, फ्रान्समध्ये शून्याची आणि ब्राझीलमध्ये ती उघड अश्लील समजली जाते. भारतात हीच बोटे ज्ञानमुद्रेत जुळतात. 2017 नंतर अमेरिकेत काही वंशद्वेष्ट्या गटांनी ही खूण उचलल्यामुळे तिथे ती आता जपून केली जाते.

भारतात ‘ओके’ सर्वांत मोठ्या अक्षरांत वाचायला मिळतो तो ट्रकच्या पाठीवर. ‘हॉर्न ओके प्लीज’ या तीन शब्दांत ‘ओके’ का आला, याच्याही अनेक कथा आहेत, आणि त्यांची जात हुबेहूब अमेरिकेतल्या कथांसारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात डिझेलच्या टंचाईमुळे ट्रक रॉकेलवर चालत आणि ‘ऑन केरोसीन’ अशी आगीची सूचना मागे लिहिली जाई, ही एक. ‘ओव्हरटेक’च्या संक्षेपातले मधले अक्षर गळाले, ही दुसरी. टाटांच्या एका साबणाच्या जाहिरातीशी जोडणारी तिसरी. मागच्या गाडीला वाट मोकळी असल्याचे सांगणारा छोटा दिवा ‘ओके’च्या वर लावलेला असे, ही चौथी. यांतल्या कोणत्याही कथेला त्या काळचे छायाचित्र, परिपत्रक किंवा छापील नोंद यांचा आधार दाखवला गेलेला नाही. रीड यांनी बॉस्टनच्या शब्दासाठी जे केले, ते या तीन शब्दांसाठी अजून कोणी केलेले नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 30 एप्रिल 2015 रोजी व्यापारी वाहनांवर हा मजकूर रंगवण्यास मनाई केली. त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते, हे कारण दिले होते. रस्त्यावर ही अक्षरे तरीही दिसतातच.

मराठीत ‘ओके’ कामाच्या जागेवरून खोलवर शिरला. पिंपरी-चिंचवड किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात पाळी सुरू झाली की यंत्रावरून निघालेला पहिला नग आधी तपासायला जातो. ‘फर्स्ट पीस ओके करून घे’ हे तिथले नित्याचे वाक्य. माप बरोबर भरले की तपासनीस कागदावर सही करतो आणि मगच पुढचे उत्पादन चालू होते. दिवसअखेर मालाची विभागणी ‘ओके’ आणि ‘रिजेक्ट’ अशी होते. विजेच्या दुकानातल्या उपकरणांवर ‘ओके टेस्टेड’ची चिकटपट्टी असते, चित्रीकरणात ‘शॉट ओके’ झाल्याशिवाय दिवे हलवत नाहीत, आणि छापखान्यात प्रूफ ओके झाल्याशिवाय यंत्र चालत नाही. या सर्व ठिकाणी शब्दाचा अर्थ अगदी 1839चाच राहिला आहे : तपासले, सर्व बरोबर.

मराठी व्याकरणाला या शब्दाने त्रास दिला नाही. तो आकारान्त नसल्यामुळे लिंग-वचनाप्रमाणे बदलावा लागत नाही. गाडी ओके, रस्ता ओके, कागद ओके. ‘करणे’, ‘होणे’, ‘देणे’ ही क्रियापदे जोडली की क्रियापदही मिळते. बोलीने याहून पुढची मजल मारली आहे. जोर देण्यासाठी मधले व्यंजन दुप्पट होऊन ‘ओक्के’ झाले आणि ते ‘पक्के’च्या पंगतीत जाऊन बसले. ‘सगळं ओकेमध्ये आहे’ अशी सप्तमीसारखी रचनाही ऐकू येते. इंग्रजीत माणूस ‘ओके’ असतो, मराठी बोलीत तो ‘ओकेमध्ये’ असतो. ‘मजेत आहे’, ‘आनंदात आहे’ या आपल्या जुन्या घडणीत शब्द घालून घेतल्याचा हा नमुना आहे, आणि अस्सल मराठीकरण म्हणतात ते हेच.

या रूपाला अवघ्या महाराष्ट्रात प्रसिद्धी मिळाली ती जून 2022 मध्ये. राज्यातल्या सत्तांतराच्या वेळी गुवाहाटीत मुक्कामाला असलेले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना तिथली झाडी, डोंगार आणि हाटील यांचे माणदेशी थाटात वर्णन करून सर्व काही ‘ओक्के’ असल्याचे सांगितले. संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली आणि काही दिवसांत त्यावर गाणी निघाली, कपड्यांवर शब्द छापले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमधल्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. ‘खोके’ म्हणजे मुंबईच्या बोलीत एक कोटी. घोषणेतल्या पैशांच्या आरोपाचा वाद राजकारणाचा आहे. भाषेच्या बाजूने पाहिले तर अमेरिकेत 1840 साली निवडणुकीने जे केले, तेच इथे 2022 मध्ये घडले : एका पक्षाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याने उचलला आणि यमकात बसवून परत फेकला. ‘खोके’शी ‘ओके’ इतका सहज जुळतो, की तो परका आहे हे घोषणा देणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

‘ओके’मुळे मराठीतले जुने होकार मागे पडतील, अशी काळजी अधूनमधून व्यक्त होते. तसे सरसकट झालेले दिसत नाही. मराठीत हे काम ‘बरं’, ‘ठीक आहे’, ‘चालेल’, ‘हरकत नाही’ आणि नुसता ‘हं’ यांच्यात वाटलेले होते. त्यांतला ‘बरं’ हा ‘ओके’चा सर्वांत जवळचा नातेवाईक. तोही संमती देतो, तोही बेताचेपणा दाखवतो, आणि ‘बरं, मग पुढे काय झालं?’ अशा वाक्यात तोही सांधा होतो. फोन ठेवताना आधीची पिढी ‘बरं, ठेवतो’ म्हणते आणि नंतरची ‘ओके, ठेवतो’, एवढा बदल खरा. पण ‘चालेल’मध्ये जी तडजोडीची तयारी आहे ती ‘ओके’ला येत नाही, आणि ‘हरकत नाही’मधला अधिकार त्याच्याजवळ नाही.

नात्यांतही फरक पाळला जातो. कचेरीत ‘ओके सर’, ‘ओके मॅडम’ रुळले आहे. घरात मात्र आजोबांनी काही सांगितले तर नुसते ‘ओके’ म्हणून वळणे अनेक घरांत तुटक समजतात, तिथे ‘हो आजोबा’ किंवा ‘बरं’ हेच शोभते. सरकारी फायलीवरही अधिकारी ‘ओके’ लिहीत नाहीत, तिथे ‘मान्य’ आणि ‘मंजूर’ हे शेरे अबाधित आहेत. आजाऱ्याची चौकशी ‘बरं वाटतंय का?’ अशीच होते, कारण दुखण्यातून उठण्याचा अर्थ ‘बरे होणे’ या क्रियापदात आहे आणि तो ‘ओके’ने भागत नाही. दोन्ही शब्द मराठीत शेजारी शेजारी राहतील, अशीच चिन्हे आहेत : तपासणी, यंत्र आणि निरोप यांच्याकडे ‘ओके’, तर माणसांच्या विचारपुशीत ‘बरं’.